एका खुर्चीची दुरुस्ती

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात एका पाहुण्या व्याख्यात्यांचे भाषण झाले. विषय टिकाऊ वस्तूंचा होता. आजचे सामान फेकून देण्यासाठीच केलेले असते, पूर्वी तसे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे, मोडले तर दुरुस्त होणारे आणि ज्यावर माणसाचा जीव जडावा असे सामान आपल्या पूर्वजांच्या घरात असे, हे त्यांचे म्हणणे. पुरावा म्हणून त्यांनी ओटीवरचा सागवानी झोपाळा, लांब हातांची वेताची आरामखुर्ची, फणसाच्या लाकडाचे पाट अशी नावे घेतली आणि समोरच्या मुलांना विचारले, तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे काही आहे? पुढच्या बाकांवरून बरेच हात वर गेले. मागच्या बाकांवरून एकही गेला नाही. ती मागची मुले माझ्या ओळखीची आहेत. काही बौद्धवाडीतली, काही चर्मकारांची, दोघे कातकरी वस्तीतले. व्याख्याते हसून म्हणाले, "आजोबांना विचारा, माळ्यावर नक्की काहीतरी सापडेल."

मी घरी आलो आणि आमच्या खुर्चीकडे पाहत बसलो. व्याख्यात्यांचे म्हणणे खोटे नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून ते सामान आजही दिसते आणि ते चांगलेच आहे. पण 'आपले पूर्वज' या दोन शब्दांत माझे पूर्वज किती आणि कसे येतात हे इतिहास शिकवणाऱ्याने तरी विचारले पाहिजे. म्हणून हे लिहीत आहे.

बसणे ही आपल्या देशात शरीराची साधी क्रिया कधीच नव्हती. तिला कायदा होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातला २८१ वा श्लोक आसनाविषयी आहे. वरच्या जातीच्या माणसाबरोबर एकाच आसनावर बसू पाहणाऱ्या खालच्या जातीच्या माणसाच्या कमरेवर डाग देऊन त्याला हाकलून द्यावे, नाहीतर त्याचा कुल्ला कापावा, अशी तजवीज त्यात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, त्यात हेही जळाले. आपण महाड म्हटले की पाणी आठवतो. आसनही आठवले पाहिजे.

कायदा ग्रंथात होता तसाच तो शाळेच्या इमारतीतही होता. दापोलीच्या छावणीच्या आसपास स्थायिक झालेल्या महार पेन्शनरांनी १८९० नंतरच्या वर्षांत सरकारकडे अर्ज केले ते कशासाठी? आमच्या मुलांना शाळेच्या पडवीत न बसवता आत बसू द्या, एवढ्यासाठी. गोपाळबाबा वलंगकर त्याच दापोलीतले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तेथेच राहिले होते. पुढे त्यांच्या धाकट्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत कोपऱ्यात बसावे लागे, तेही घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे. म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. बैठकीच्या सामानाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या गोणपाटाची नोंद केल्याचे माझ्या वाचनात नाही.

घरातल्या सामानाचेही तेच. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात बलुत्याची रचना तपशिलाने आली आहे. सुताराचे बलुते मुख्यतः कुणब्याच्या औतांसाठी. नांगराचे दांडे, कुळवाचे दात त्याने करायचे, सुगीला धान्य न्यायचे. त्याच नात्यातून कुणब्याची घडवंची, पाट, पाळणाही व्हायचा, दुरुस्त व्हायचा. म्हणजे वस्तू टिकायची ती केवळ फणसाच्या लाकडाच्या गुणाने नव्हे. ती मोडली की हाकेच्या अंतरावर बांधलेला सुतार होता म्हणून. महारही बलुतेदारच. पण बलुतेदारांची सेवा महारवाड्यापाशी येऊन थांबत असे. न्हावी येत नसे, परीट येत नसे. आमच्या गावी सुतारही येत नसे. तेव्हा आमच्या घरात जे काही होते ते आमच्या हातचे आणि बांबूचे होते. राजापूर तालुक्यापासून दक्षिणेला आमच्या लोकांच्या हाती बांबूकाम आहे. सुपे, रोवळ्या, डालगी, कणग्या, पावसाळ्यातली इरली. ही वस्तू दोन-चार पावसांत जाते आणि पुन्हा विणावी लागते. शंभर वर्षे टिकणारे आमच्याकडे काही नव्हते. दुरुस्तीचा हात मात्र अखंड होता.

आता खुर्चीविषयी.

आजोबा मुंबईला गिरणीत त्रासन खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण ते खाते आमच्या लोकांना बंद. धोट्यातली बाबीण बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा दुसऱ्याला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. आजोबा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी गिरणीत लागले, तरी त्यांचे खाते बदलले नाही. चाळीजवळ एक इराण्याचे हॉटेल होते. संगमरवरी टेबले आणि त्यांभोवती काळसर, गोल बुडाच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. आजोबा सांगत, चारचौघांत खुर्चीवर आपण पहिल्यांदा बसलो ते तिथे. चहाचे पैसे ठेवले की जात विचारायला कोणी येत नसे. त्या हॉटेलात सामान बदलले तेव्हा बूड फाटलेल्या काही खुर्च्या मालकाने मागच्या बोळात काढल्या. त्यांतली एक आजोबांनी दोन रुपयांना घेतली. हे १९५५ साल.

ही खुर्ची कोठली, हे मला फार उशिरा पुस्तकांतून कळले. मिखाएल थोनेट नावाच्या जर्मन सुताराने व्हिएन्नात राहून ती घडवली. आधी तो लाकडाचे पातळ थर सरसाने चिकटवून वाकवीत असे. पण दूरदेशी पाठवलेल्या मालाचा सरस दमट हवेत सुटू लागला. मग त्याने बीच झाडाचा सबंध दांडका वाफेवर मऊ करून, लोखंडी पट्टी लावून साच्यात वाकवण्याची रीत काढली. १८५९ साली त्याची १४ नंबरची खुर्ची बाजारात आली. तिचे लाकडी भाग ६, स्क्रू १०, नट २. सरस नाही, कोरीव काम नाही. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या एका खोक्यात मावत आणि पोचल्या ठिकाणी कोणीही त्या जोडी. पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपली, तेव्हा इतर कारखान्यांनीही तशाच खुर्च्या काढल्या. १९३० पर्यंत या एका नमुन्याच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या असे सांगतात. त्या कारखान्यांत बूड विणायचे काम बायकांकडे असे, ही एक गोष्ट मी वाचताना दोनदा वाचली.

थोनेटने ती खुर्ची सुटी केली ती जहाजाचे भाडे वाचवण्यासाठी. आमच्या घरात त्या सुटेपणाचा उपयोग निराळा झाला. चाळीत एका फिटरच्या मदतीने आजोबांनी स्क्रू काढले, भाग गोणपाटात बांधले आणि शिमग्याला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जैतापूरला आले. पडावातून उतरून गावात चालत शिरताना वाटेत एकाने विचारले, "काय रे आणलंस?" आजोबांनी सांगितले, "जळण." सबंध खुर्ची डोक्यावर घेऊन त्या वाटेने त्यांना जाता आले असते का, हा प्रश्न मी त्यांना विचारला होता. त्यांनी उत्तर दिले नाही. तंबाखू मळीत राहिले.

बूड नव्हतेच. आजीने ते केले. वेताची बारीक सोललेली पट्टी गावात कोठे मिळणार? तिने चिव्याच्या बेळा काढल्या, सुपाच्या विणीने एक गोल चटई विणली आणि खुर्चीच्या कड्याला वेतासाठी पाडलेली जी भोके होती त्यांतून काथ्याच्या दोरीने ती आवळून बांधली. व्हिएन्नातल्या कड्यात राजापूरचे बूड बसले.

७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर ज्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यांत आजोबा होते. पुढच्या एप्रिलात वाडीत पहिली जयंती झाली. तसबीर ठेवायची कशावर हा प्रश्न निघाला आणि खुर्ची समाजमंदिराच्या जागेत, म्हणजे तेव्हा नुसत्या मांडवात, नेली गेली. त्यानंतर ती आमची राहिलीच नाही. लग्नात वर बसे तीवर, रजेवर आलेला शिपाईगडी फोटो काढून घेई तीवर, बाळंतपणाला नर्सबाई आली की तिला ती. एका आजाऱ्याला बांबूच्या दोन दांड्यांना बांधून तिच्यावरच तालुक्याला नेले होते. आमच्याकडे ती सामानासारखी कमी आणि माणसासारखी जास्त वागली. "खुर्ची कुठं गेलीय?" असे विचारीत.

१९६३ च्या पावसाळ्यात पुढचा एक पाय मोडला. गावच्या सुताराने, काम करीन पण वस्तू माझ्या पडवीत ठेवणार नाही, असे म्हटले. वतने जाऊन काही वर्षे झाली होती, कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याचा कायदा १९५८ चा. मुंबईहून आलेल्या आजोबांनी मग वाद घातला नाही. त्यांनी दोन स्क्रू काढले, मोडका पाय तेवढा बगलेत मारला आणि राजापूरच्या बाजारात एका कातारीकडे गेले. त्या नमुन्याचे पुढचे पाय वाकवलेले नसतात, सरळ आणि खाली निमुळते असतात. चाकावर ते सहज होतात. कातारीने सागवानी पाय उतरवून दिला, पैसे घेतले. नुसत्या पायाला कोण जात विचारतो? तो पाय अजून आहे. इतर तिघांपेक्षा रंगाने पिवळसर आहे आणि मला तोच सगळ्यांत आवडतो.

खाऱ्या हवेने लोखंडी स्क्रू गंजले ते काढून पितळी घातले. वाळवी लागू नये म्हणून आजी दर दोन वर्षांनी पायांना काजूच्या टरफलांचे तेल फासायची. ते अंगावर पडले की फोड येतो. तिच्या मनगटावर तसे डाग होते.

वडिलांची आणि या खुर्चीची गोष्ट वेगळी. ते मॅट्रिकपर्यंत शिकले आणि एका सरकारी कचेरीत पट्टेवाले झाले. कचेरीतल्या खुर्च्यांवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेले असत, साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल असे. तीस वर्षे त्यांनी त्या पुसल्या आणि स्वतः दाराबाहेरच्या स्टुलावर बसले. बांबूकामाचा त्यांना राग होता. गावात लग्न निघाले की सुपे द्यायला महारवाडा आणि कोणी मेले की तिरडीचे बांबू आणायलाही महारवाडा. धर्मांतरानंतर हे चालू का ठेवायचे, हा त्यांचा सवाल मला चुकीचा म्हणता येत नाही. त्यांनी आजीचे सूप विकणे बंद करवले आणि खुर्चीला प्लायवुडचे बूड आणून ठोकले. दोन पावसांत प्लायवुड फुगले, पापुद्रे निघाले. वडील रत्नागिरीत असताना आजीने ते उपसून काढले. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. ती म्हणाली, "लाकूड चांगलां हाय, बूड तेवढां गेलां," आणि कोयती घेऊन बेळा काढायला बसली. विकायचे नाही एवढेच वडिलांनी सांगितले होते, ही तिची पळवाट. वडिलांनी आल्यावर पाहिले, काही बोलले नाहीत.

ज्या कौशल्याच्या बदल्यात आम्हाला तुकडा आणि शिवी मिळत होती त्याच कौशल्याने घरातली एकुलती एक मानाची वस्तू उभी राहिली. या दोन्ही गोष्टी एकाच हाताच्या आहेत. आपल्या चळवळीने जुनी कामे सोडायला सांगितली ते योग्यच होते. सोडली नसती तर मी आज हे लिहीत नसतो. पण काम सोडताना कसबही त्याच गाठोड्यात गेले. ते वेगळे काढून ठेवायला हवे होते असे मला वाटते. आमच्यातल्या जाणत्यांना हे पटणार नाही, कल्पना आहे.

आता व्याख्यात्यांच्या मुद्द्याकडे येतो. माणसाचा जीव जडेल अशा वस्तू कशा घडवाव्यात यावर हल्ली पुष्कळ लिहिले जाते. जोनाथन चॅपमन या इंग्रज प्राध्यापकाचे त्या विषयावरचे पुस्तक २००५ साली आले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये धुलाईयंत्रे, फोन अशा वस्तूंच्या दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला देणारा निर्देश काढला. हे सगळे मला मान्य आहे. पण दुरुस्तीचा हक्क कंपनीकडून मिळवण्याच्या आधी आमच्या लोकांना तो सुताराकडून मिळवायचा होता. १९५८ साली चार्ल्स आणि रे एम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यात भारतीय वस्तूंत सर्वांत सुंदर म्हणून त्यांनी लोट्याचे कौतुक केले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडलेली, कोणा एकाची नसलेली वस्तू, असे ते कौतुक. खरेच आहे. फक्त ज्यांच्या ओंजळीत त्या लोट्यातले पाणी वरून ओतले जाई, त्यांना लोट्याचा घाट हातात धरून पाहता आला नाही.

आणि प्लॅस्टिकची खुर्ची. तिला नावे ठेवायची आता फॅशन झाली आहे. पाय मोडला की ती संपली, तिला स्क्रू नाही, सांधा नाही, ती फक्त जाळता येते आणि धूर विषारी निघतो. हे दोष खरे आहेत. तरीही नव्वदीनंतर आमच्या वाडीत घरोघरी खुर्ची आली ती हीच. आता बुद्धविहारात शंभर खुर्च्यांची चळत असते, म्हातारी माणसे जयंतीला जमिनीवरून उठताना कण्हत नाहीत, आणि पाहुणा कोणत्या जातीचा हे खुर्चीवरून ठरत नाही, कारण सगळ्या सारख्याच लाल. आमच्या खुर्चीने हे काम केले नव्हते. ती एकच होती, तिच्यावर कोण बसणार हे ठरवावे लागे, आणि जे एकच असते त्याचा मान होतो आणि मानाची उतरंडही होते. खुर्ची वाडीची होती, पण वाडीतल्या बायका तिच्यावर बसत नसत. चाळीस वर्षांत जिने तिचे बूड निदान पाच वेळा विणले, ती माझी आजी बसायची उंबऱ्याशी. एकदा मी हट्टाने तिला बसवले तेव्हा ती दोन मिनिटांत उठली. म्हणाली, पाय लोंबतात.

प्लॅस्टिकच्या खुर्चीने प्रश्न मिटला असेही नाही. २०१९ साली उत्तराखंडातल्या टिहरी जिल्ह्यात एका लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवल्याबद्दल एका दलित तरुणाला मारहाण झाली. त्यात तो गेला. २०२० साली तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या एका पंचायतीच्या दलित अध्यक्ष बाईंना सभेत जमिनीवर बसवल्याचे छायाचित्र देशभर छापून आले. बाकीचे सदस्य खुर्च्यांवर होते. मनुस्मृतीचा तो श्लोक त्यांतल्या कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही. वाचायची गरज पडत नाही.

आजी गेली २००९ साली. मला नोकरी लागल्यावर खुर्ची रत्नागिरीला माझ्या भाड्याच्या खोलीत आली, पुन्हा गोणपाटातूनच, या वेळी एसटीच्या टपावरून. दोन वर्षांपूर्वी बूड पुन्हा गेले. शहरात वेत विणणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी चांगले करून दिले असते. पण व्याख्यानानंतरच्या मे महिन्यात मी नुसते कडे काढून घेतले आणि गावी गेलो. वाडीत आता बेळ काढता येणारी एकच बाई उरली आहे, शेजारची काकी, वय सत्तरीच्या पुढे. तिचा मुलगा बँकेत आहे. त्याला हे आवडले नाही. "सर, तुम्ही प्राध्यापक, आणि हे काय?" तो म्हणाला. त्याच्या जागी माझे वडील असते तर हेच म्हणाले असते. मी त्याला वरचे सगळे सांगण्याचा प्रयत्न केला. त्याला पटले की नाही, सांगता येणार नाही.

काकीने मला समोर बसवले. माझ्या हातात पहिल्या तीन बेळा तुटल्या. चौथीने बोट कापले. ती म्हणाली, "पट्टी वली कर आधी. सुकी वाकत नाय, मोडते." तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी मी विणलेले तिने अर्धे उसवले आणि स्वतः विणले. उरलेले अर्धे माझे राहू दिले. बसले की त्या बाजूला थोडे करकरते.